मुळांची वाढ आणि पेशीभित्तिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, प्रात्यक्षिके घेणारे शिक्षक, कुंड्यांत भाजीपाला लावणारे हौशी लोक आणि रोपवाटिका चालवणारे शेतकरी यांच्याकडून मुळांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पाठ्यपुस्तकात मुळाची वाढ संप्रेरकांच्या प्रकरणात आणि पेशीभित्तिका पेशीच्या प्रकरणात येते, त्यामुळे दोहोंचा संबंध सहसा सुटून जातो. माझ्या मते मुळाची वाढ समजून घ्यायची तर पेशीभित्तिकेपासूनच, म्हणजे पेशीभोवतीच्या कडक आवरणापासूनच, सुरुवात करावी लागते, आणि खालची बहुतेक उत्तरे फिरून तिच्यापाशीच येतात.

१. मूळ नेमके कोठून वाढते? टोकाकडून की बुंध्याकडून?

टोकाकडून, मात्र अगदी टोकाच्या बिंदूतून नव्हे. टोकापासून मागे जाताना सर्वांत पुढे मूलटोपी लागते, तिच्या आत सतत विभागणाऱ्या पेशींची विभाजी ऊती असते, तिच्या मागे पेशी भराभर लांब होतात तो लांबीवाढीचा पट्टा येतो आणि त्यामागे मूलरोम (केसासारखे बारीक तंतू) असलेला पक्व भाग सुरू होतो. नव्या पेशी विभाजी ऊतीत जन्मतात, पण मुळाची लांबी प्रत्यक्षात वाढते ती लांबीवाढीच्या पट्ट्यात. तेथे सुमारे १० मायक्रोमीटर लांबीची पेशी काही तासांत दहा ते वीस पटींनी लांब होते. हा पट्टा फार लहान असतो. मक्यासारख्या जोमदार मुळातही तो सुमारे सेंटिमीटरभरच असतो.

हे घरी पडताळता येते. हरभऱ्याला मोड आणावेत आणि मूळ दोन सेंटिमीटरांचे झाले की ते हलकेच टिपून कोरडे करून टोकापासून मागे दर मिलिमीटरला काळ्या शाईची बारीक रेघ उमटवावी. पेनपेक्षा शाईत बुडवलेला दोरा टेकवला तर रेघ नीट येते. मग ओल्या टिपकागदाला लावून, टोक खाली राहील अशा बेताने, दाणा झाकलेल्या पेल्यात उभा ठेवावा. दुसऱ्या दिवशी टोकाजवळच्या रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या, पसरट आणि फिकट झालेल्या दिसतात. मागच्या रेघा मात्र आखल्या होत्या तेवढ्याच अंतरावर असतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी अशाच शाईच्या खुणांनी वाढीचा पट्टा दाखवून दिला होता.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. जमिनीत पक्का झालेला मुळाचा भाग जागचा हलत नाही. पुढचे काही मिलिमीटरच मातीत सरकतात. संपूर्ण मूळ मागून ढकलले जात असते, तर मातीच्या कणांना चिकटलेले मूलरोम पहिल्याच दिवशी तुटून गेले असते.

२. मूलटोपी झिजून संपत नाही का?

झिजते, पण संपत नाही. विभाजी ऊती मागच्या बाजूला मुळासाठी आणि पुढच्या बाजूला टोपीसाठी अशा दोन्हीकडे पेशी देत राहते. बाहेरच्या पेशी सुट्या होऊन गळतात. मक्यात तर एका मुळाच्या टोकाकडून दिवसाला हजारो पेशी मातीत पडतात. या पेशी आणि टोपीतून स्रवणारा बुळबुळीत पदार्थ मातीशी होणारे घर्षण कमी करतात. पेशी सुट्या होतात त्याही शेजारच्या पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळल्यामुळे (प्रश्न ५ पहा). टोपीचे दुसरे काम प्रश्न १४ मध्ये आहे.

३. टोकातील सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग कोणती पेशी साल होणार आणि कोणती जलवाहिनी, हे कसे ठरते?

मुख्यतः ती कोठे आहे यावरून. विभाजी ऊतीच्या गाभ्यात अगदी सावकाश विभागणाऱ्या पेशींचा एक छोटा समूह असतो. त्याला शांत केंद्र म्हणतात. फ्रेडरिक क्लोज यांनी १९५०च्या दशकात मक्याच्या मुळात ते प्रथम दाखवले. मक्यात या केंद्रात शेकडो पेशी असतात, तर प्रयोगशाळांतील लाडकी वनस्पती असलेल्या अराबिडोप्सिसमध्ये जेमतेम चार. शांत केंद्राच्या भोवतालच्या पेशी मूळपेशी (सतत नव्या पेशी देत राहणाऱ्या पेशी) म्हणून टिकून राहतात, कारण केंद्राकडून मिळणारे संकेत त्यांना पक्व होऊ देत नाहीत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अराबिडोप्सिसच्या मुळातील एकेक पेशी लेसरने मारण्यात आली, तेव्हा रिकाम्या जागेत सरकलेल्या शेजारच्या पेशीने आपली मूळची ओळख सोडून नव्या जागेला साजेशी भूमिका घेतली. वनस्पतीची पेशी भित्तिकेने शेजाऱ्यांना जखडलेली असल्यामुळे ती प्राण्यांच्या पेशीसारखी स्थलांतर करू शकत नाही, म्हणून जागेवरून ओळख ठरवणे तिच्यासाठी भरवशाचे असते.

४. भित्तिका एवढी कडक असते, तर पेशी लांब कशी होते? आणि ती फुटत कशी नाही?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पेशीच्या रिक्तिकेत (आतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत) क्षार, शर्करा आणि सेंद्रिय आम्ले साठलेली असतात, त्यामुळे परासरणाने पाणी आत येते आणि पेशीपटल भित्तिकेवर आतून दाब टाकते. या स्फीतिदाबाचे मान वाढत्या मुळात साधारणपणे अर्धा मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाचपट असते. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाची ही दुपटीहून अधिक झाली. पेशीपटल हे ट्यूबसारखे नाजूक असते आणि तो सगळा ताण भित्तिका टायरप्रमाणे पेलते, म्हणून पेशी फुटत नाही.

लांब होण्यासाठी पेशी दाब वाढवत नाही, तर भित्तिका ढिली करते. पेशीपटलातील पंप हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, भित्तिकेतील द्रवाचा सामू पाचच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि अशा आम्ल परिस्थितीत एक्सपान्सिन नावाची प्रथिने काम करू लागतात. ती सेल्युलोजचे तंतू तोडत नाहीत. शेजारच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारी पकड तेवढी सैल करतात. १९९२ मध्ये डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने काकडीच्या रोपांच्या देठांतून ही प्रथिने वेगळी केली. पकड सैल झाली की भित्तिका ताणाखाली किंचित सरकते, दाब क्षणभर उतरतो, आणखी पाणी आत येते आणि पेशी लांब होते. हे चालू असतानाच नवा माल भित्तिकेत भरला जातो. तो भरला गेला नाही तर दहापट ताणलेली भित्तिका दहापट पातळ होऊन फाटली असती. प्रत्यक्षात तिची जाडी फारशी कमी होत नाही.

५. पेशीभित्तिका कशाची बनलेली असते?

मुळाच्या कोवळ्या पेशीची भित्तिका बरीचशी पाण्याची असते. वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच भरते. उरलेल्या भागात सेल्युलोजचे तंतू, त्यांना लपेटून राहणारे हेमीसेल्युलोज, या सगळ्यांच्या मधली जागा भरणारे जेलीसारखे पेक्टिन आणि थोडी प्रथिने असतात. दोन शेजारच्या पेशींमधला पेक्टिनचा थर मध्यपटल म्हणून ओळखला जातो आणि तोच पेशींना एकमेकींशी चिकटवतो. फळांच्या जॅमला जो घट्टपणा येतो तो याच पेक्टिनमुळे.

सर्व वनस्पतींत हे प्रमाण एकसारखे नसते. ज्वारी, गहू, भात, ऊस अशा गवतवर्गीय पिकांच्या भित्तिकेत पेक्टिन बरेच कमी असते आणि त्याची जागा वेगळ्या प्रकारच्या हेमीसेल्युलोजने घेतलेली असते. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे) आणि सुबेरिन (मेणचट, पाणी अडवणारे) हे घटक काही ठरावीक पेशींतच, आणि पेशीची वाढ थांबल्यावरच येतात (प्रश्न १० व ११ पहा). बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते आणि जिवाणूंची भित्तिका पूर्णपणे वेगळ्या रसायनांची असते. ‘भित्तिका आहे म्हणजे वनस्पती’ हे समीकरण म्हणून चुकते.

६. पेशीचे विभाजन होते तेव्हा मधली नवी भित्तिका कोठून येते?

ती पेशीच्या मध्यभागी नव्याने रचली जाते. प्राण्यांची पेशी कडेकडून आवळत जाऊन दुभंगते. वनस्पतीची पेशी उलट मधून बाहेरच्या दिशेने भिंत बांधते. गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे गेली की मधल्या जागेत सूक्ष्मनलिकांची (प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) एक चौकट उभी राहते. गॉल्जी संकुलातून सुटलेल्या, पेक्टिन व हेमीसेल्युलोजने भरलेल्या पिटिका (सूक्ष्म पिशव्या) या चौकटीच्या आधाराने मध्यावर जमतात आणि एकमेकींत मिसळून पेशीपट्टिका तयार होते. पिटिकांची आवरणे दोन्ही बाजूंची नवी पेशीपटले होतात, आतला माल नव्या भित्तिकेचा पाया होतो. या कोवळ्या पट्टिकेत सुरुवातीला कॅलोज नावाचे बहुशर्करा-संयुग भरपूर असते. पट्टिका कडेला जुन्या भित्तिकेला जाऊन मिळाली की कॅलोज हळूहळू निघून जाते आणि सेल्युलोज येऊ लागते.

पट्टिका पूर्ण होताना आंतर्द्रव्यजालिकेचे काही धागे तिच्यात अडकून राहतात. त्या ठिकाणी दोन पेशींना जोडणारे अतिसूक्ष्म मार्ग, म्हणजेच जीवद्रव्यतंतू, कायम राहतात. त्यामुळे भित्तिकेने वेगळ्या केलेल्या पेशीही एकमेकींशी बोलू शकतात, आणि प्रश्न ३ मधील काही संकेत याच वाटेने जातात.

७. सेल्युलोजही गॉल्जी संकुलातच तयार होते का?

नाही, आणि परीक्षेत ही चूक फार होते. पेक्टिन आणि हेमीसेल्युलोज गॉल्जी संकुलात तयार होऊन पिटिकांतून बाहेर येतात. सेल्युलोज मात्र थेट पेशीपटलावर विणले जाते. तेथे सेल्युलोज सिंथेज या विकराची सहा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसणारी संकुले बसलेली असतात. प्रत्येक संकुल आतल्या बाजूने ग्लुकोजचे एकके घेते आणि बाहेरच्या बाजूला एकाच वेळी अनेक साखळ्या सोडते. आजच्या समजुतीप्रमाणे त्या १८ असतात. या साखळ्या बाहेर पडताच एकमेकींना बिलगून सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा सूक्ष्मतंतू बनतो. तंतू भित्तिकेत अडकलेला असल्यामुळे तो पुढे सरकू शकत नाही, त्याऐवजी संकुलच पटलात मागे ढकलले जाते. २००६ मध्ये ही संकुले जिवंत पेशीत प्रत्यक्ष सरकताना पाहता आली, तेव्हा त्यांचा वेग मिनिटाला साधारणपणे एक तृतीयांश मायक्रोमीटर भरला, आणि ती पटलाच्या आतल्या बाजूला असलेल्या सूक्ष्मनलिकांच्या रेषेत चालतात हेही दिसले.

८. पेशी लांबच का होते? चहूबाजूंनी फुगत का नाही?

स्फीतिदाब सर्व दिशांना सारखाच असतो, त्यामुळे दिशा ठरवण्याचे काम भित्तिकेकडे येते. लांबीवाढीच्या पट्ट्यातील पेशींत सूक्ष्मनलिका मुळाच्या अक्षाला आडव्या असतात, म्हणून त्यांच्या रेषेत विणलेले सेल्युलोजचे तंतूही पेशीभोवती आडवे वेढे घेतात. सेल्युलोजचा तंतू स्वतः जवळजवळ ताणला जात नाही. वेढे मात्र एकमेकांपासून दूर सरकू शकतात. परिणामी पेशीची जाडी रोखली जाते आणि लांबीला वाट मिळते. पेशी पट्ट्यातून बाहेर पडून पक्व होऊ लागते तेव्हा सूक्ष्मनलिकांची दिशा तिरपी होते आणि वाढ थांबते.

९. तणनाशकानंतर काही रोपांच्या मुळांची टोके गाठीसारखी सुजलेली दिसतात. हा रोग आहे का?

बहुतेक वेळा नाही. प्रश्न ८ मधील व्यवस्था मोडल्याची ती खूण असते. सोयाबीन, कापूस, कांदा या पिकांत उगवणीपूर्वी वापरले जाणारे पेंडीमेथॅलिन सूक्ष्मनलिकांची जुळणी होऊ देत नाही. विभाजन अडते आणि तंतूंना दिशा देणारे कोणी राहत नाही, म्हणून पेशी लांब होण्याऐवजी फुगतात व टोक गदेसारखे होते. आयसोक्साबेन हे वेगळ्या गटातील तणनाशक थेट सेल्युलोजची निर्मिती रोखते. तेथेही सूज अशीच दिसते. पेंडीमेथॅलिन मातीच्या वरच्या थरात धरून राहते, त्यामुळे बी पुरेसे खोल असेल तर पिकाचे मूळ त्या थराखाली वाढून वाचते. उथळ पेरणी झाली किंवा फवारणीनंतर लगेच जोरदार पाऊस पडून औषध हलक्या जमिनीत खाली गेले, तर पिकालाही इजा होते. सूत्रकृमींच्या गाठी याहून वेगळ्या असतात. त्या टोकापुरत्या न राहता मुळाच्या लांबीवर जागोजागी येतात.

१०. प्राथमिक आणि द्वितीयक भित्तिका यांत फरक काय?

पेशी वाढत असताना असते ती प्राथमिक भित्तिका; वाढ थांबल्यानंतर तिच्या आतल्या बाजूने काही पेशींत जी जाड, बहुधा लिग्निनयुक्त भर पडते ती द्वितीयक. अराबिडोप्सिसमध्ये या दोहोंसाठी सेल्युलोज सिंथेजचे वेगवेगळे संच वापरले जातात.

मुळातील जलवाहिनी हे याचे सर्वांत सुबक उदाहरण आहे. सर्वांत आधी तयार होणाऱ्या जलवाहिन्यांच्या भोवतालचे मूळ अजून लांब होत असते, म्हणून त्यांत द्वितीयक भित्तिका सलग येत नाही. कडी किंवा फिरकीच्या आकाराने येते. अशी नळी ताणली जाऊ शकते आणि तरीही बाहेरच्या दाबाने चपटी होत नाही. मागाहून तयार होणाऱ्या जलवाहिन्यांना ताण सोसायचा नसतो, म्हणून त्यांची भित्तिका जवळजवळ सर्वत्र जाड होते आणि फक्त लहान खाचा उरतात. शेवटी पेशी स्वतःच मरते, आडव्या भिंती विरघळतात आणि भित्तिकांची पोकळ नळी पाणी वाहून नेते.

११. कॅस्परी पट्टी म्हणजे काय? पाणी अडवणारी भिंत असेल तर पाणी आत जाते कसे?

मुळाच्या मध्यत्वचेतून पाणी आणि क्षार भित्तिकांच्या सच्छिद्र जाळ्यातून मोकळेपणी सरकू शकतात. अंतस्त्वचेशी, म्हणजे मध्यत्वचेच्या सर्वांत आतल्या थराशी, पोहोचल्यावर मात्र ही वाट बंद होते, कारण तिच्या पेशींच्या आडव्या व उभ्या भित्तिकांत एक चिवट पट्टी असते. रॉबर्ट कॅस्परी यांनी १८६५ मध्ये तिचे वर्णन केले. ती सुबेरिनची असते असे अनेक पुस्तकांत अजूनही लिहिलेले आढळते. अराबिडोप्सिसवरील २०१२च्या अभ्यासात ती मुळात लिग्निनची असल्याचे दिसले, आणि सुबेरिनचा थर पेशीभोवती त्यानंतर येतो.

पट्टी पेशीच्या सर्व बाजूंना नसते, त्यामुळे पाणी अंतस्त्वचेच्या पेशीत पेशीपटल ओलांडून शिरू शकते. हाच तिचा उपयोग आहे: क्षारांना निदान एकदा जिवंत पटलाची तपासणी ओलांडावीच लागते, आणि आत गोळा केलेले क्षार मागे झिरपत नाहीत.

१२. मूलरोम म्हणजे बारीक मुळेच ना? आणि रोप उपटून लावले की ते मलूल का होते?

मूलरोम हे मूळ नव्हे. बाह्यत्वचेच्या एका पेशीचा तो लांब फुगवटा असतो. त्याची वाढही प्रश्न ८ पेक्षा निराळी असते: पेशी संपूर्ण लांबीवर न ताणता केवळ टोकाशी नवी भित्तिका रचत पुढे जाते. टोकाची भित्तिका मऊ पेक्टिनची असते आणि थोडे मागे कॅल्शियमने ती घट्ट होते.

त्यांची संख्या कल्पनेपलीकडची असते. हॉवर्ड डिट्मर यांनी १९३७ मध्ये राय या धान्याच्या चार महिने वाढलेल्या एकाच रोपाची मुळे मोजली, तेव्हा मुळांची एकूण लांबी सुमारे ६२० किलोमीटर आणि मूलरोम सुमारे १४०० कोटी भरले. रोप उपटताना नेमका हा थर मातीबरोबर तुटून जातो, पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी सोडत राहतात. तुटलेले मूलरोम पुन्हा उगवत नाहीत. नवे मूलरोम टोकाच्या पुढच्या वाढीतच येतात. म्हणून मिरची-टोमॅटोची रोपे ट्रेमधून मातीच्या गड्ड्यासह काढावीत, संध्याकाळी लावावीत आणि पहिले काही दिवस ओल सांभाळावी.

१३. उपमुळे टोकाशी का फुटत नाहीत?

उपमुळाचा उगम मुळाच्या आत खोल, परिरंभ नावाच्या थरात होतो, आणि तोही पक्व भागात. लांबीवाढीच्या पट्ट्यात ते फुटले असते तर मुळाच्या पुढे सरकण्यात तुटून गेले असते. बाहेर येताना ते वरच्या थरांना केवळ फाडत जात नाही. ऑक्झिन या वाढ-संप्रेरकाच्या संकेताने वाटेवरच्या पेशी स्वतःच मध्यपटल सैल करतात, आणि अंतस्त्वचेच्या पेशी आकसून जागा देतात. खोड किंवा पानापासून निघणाऱ्या मुळांना आगंतुक मुळे म्हणतात: उसाच्या कांडीवरील मुळे, ज्वारी-मक्याची आधारमुळे आणि वडाच्या पारंब्या ही आपल्या परिचयाची उदाहरणे.

१४. अंधाऱ्या मातीत मुळाला ‘खाली’ कोणती बाजू हे कसे कळते?

मूलटोपीच्या मधल्या पेशींत जड पिष्टकण असतात आणि ते गुरुत्वाने तळाशी बसतात. मूळ आडवे झाले की कण नव्या तळाकडे घरंगळतात, ऑक्झिन वाहून नेणारी प्रथिने त्या बाजूला वळतात आणि खालच्या कुशीत ऑक्झिन जास्त जमते. मुळात ऑक्झिन लांबीवाढ मंदावते, म्हणून खालची बाजू मागे पडते, वरची पुढे जाते आणि टोक खाली वळते. टोक कापले तर मूळ वळत नाही, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच नोंदवले होते. पिष्ट तयारच न करू शकणारी अराबिडोप्सिसची रोपेही सावकाश का होईना वळतात, म्हणजे पिष्ट उपयोगी आहे पण अपरिहार्य नाही.

१५. ऑक्झिन मुळाची वाढ थांबवते म्हणता, मग कलमांना मुळे फुटावीत म्हणून तेच का लावतात?

मूळ सुरू होणे आणि मूळ लांब होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ऑक्झिन नव्या मुळाचा अंकुर सुरू करते, म्हणून गुलाब किंवा डाळिंबाच्या छाटाला आयबीए (ऑक्झिनचाच एक प्रकार) लावतात. पण खोडाची वाढ वाढवणारी मात्रा आधीच असलेल्या मुळाची लांबीवाढ रोखते. २०२१ मधील संशोधनात याचे कारण भित्तिकेपाशीच सापडले: मुळात ऑक्झिन दिल्यावर पाहता पाहता भित्तिकेतील द्रव कमी आम्ल होतो आणि प्रश्न ४ मधील सैल होण्याची क्रिया मंदावते. म्हणूनच छाट आयबीएत फार वेळ बुडवून ठेवू नये. जास्त मात्रेने आखूड, जाड मुळांचा झुपका येतो किंवा बुडखाच काळा पडतो.

१६. मुळे दूरच्या पाण्याचा वास घेऊन तिकडे धावतात का?

दूरचे पाणी त्यांना कळत नाही. टोकाच्या दोन बाजूंना ओलीचा फरक असेल तर मूळ ओल्या बाजूस वळते, आणि मुळाची जी बाजू ओल्या मातीला टेकलेली असेल तिकडे उपमुळे जास्त निघतात. गळक्या पाइपात मुळांचे जाळे सापडते ते अशा जवळच्या ओलीमुळे.

१७. जमीन घट्ट असेल तर मूळ जोर लावून आत का जात नाही?

काही मर्यादेपर्यंत जाते. मुळाचा जोर म्हणजे स्फीतिदाब, आणि तो फार तर एक मेगापास्कलच्या आसपास पोहोचतो. मातीचा मापकाने मोजलेला प्रतिकार दोन मेगापास्कलच्या वर गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची लांबीवाढ जवळजवळ थांबते. मात्र प्रत्येक वेळी कारण केवळ जोर अपुरा पडण्याचे नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार घट्ट मातीत हवेच्या पोकळ्या कमी असल्याने मुळाने सोडलेला इथिलीन वायू निघून जात नाही, तो टोकाभोवती साचतो आणि मूळ आपणहून लांबी कमी करून जाड होते. इथिलीन न ओळखणारी भाताची मुळे तशाच मातीत अधिक खोल गेली. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नये असे जाणते शेतकरी सांगतात, त्यामागे हे कारण आहे, आणि ते मला अगदी मनापासून पटते: दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला कित्येक हंगाम लागतात.

१८. कॅल्शियम आणि बोरॉन कमी पडले की आधी टोकेच का मरतात?

दोन्ही मूलद्रव्ये भित्तिकेच्या बांधणीत लागतात. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडते. बोरॉन पेक्टिनच्या एका गुंतागुंतीच्या प्रकाराचे दोन रेणू सांधते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. नवी भित्तिका जेथे तयार होते तेथे त्यांची गरज सर्वांत जास्त असते, आणि कॅल्शियम जुन्या भागातून रसवाहिनीमार्गे टोकाकडे जवळजवळ येतच नाही. ते टोकाभोवतीच्या मातीतच असावे लागते. बोरॉनची योग्य आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते, म्हणून माती-परीक्षणाशिवाय ते टाकू नये.

उलट बाजूचा धोका आम्ल जमिनीत असतो. सामू सुमारे ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनिअम विरघळते, टोकातील पेक्टिनला चिकटते आणि भित्तिका ताठर होते. कोकणातील आम्ल जांभ्या जमिनींत चुना घालण्याचा सल्ला दिला जातो, त्याचे हे एक कारण आहे.

१९. रायझोबियम जिवाणू भित्तिका फोडून मुळात शिरतात का?

बहुतेक कडधान्यांत वनस्पती स्वतःच दार उघडते. मूलरोम वळून जिवाणूंना कवेत घेतो, वनस्पतीचेच विकर त्या जागेचे पेक्टिन विरघळवते आणि आत जाणारी एक नळी तयार होते; तिची भिंतही वनस्पतीच रचते. भुईमूग अपवाद आहे. त्यात अशी नळी होत नाही. उपमूळ बाहेर पडताना जी फट राहते (प्रश्न १३) तिच्यातून जिवाणू पेशींच्या मधून शिरतात.

२०. कांद्याच्या मूलाग्राच्या प्रात्यक्षिकात विभाजनाच्या अवस्था दिसतच नाहीत. कोठे चुकते?

सर्वाधिक वेळा चूक टोक निवडण्यात असते. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळे आली की विद्यार्थी सेंटिमीटरभर मूळ तसेच काचपट्टीवर ठेचतात, आणि भिंगाखाली लांबच लांब, रिकाम्या दिसणाऱ्या पेशी येतात. तो लांबीवाढीचा पट्टा असतो. स्थिरीकरण केलेल्या मुळाचे केवळ शेवटचे दोन मिलिमीटर घ्यावेत. रंग दिल्यावर तेवढा भाग बाकीच्या मुळापेक्षा गडद दिसतो, कारण तेथे पेशी लहान आणि केंद्रके दाट असतात. ही खूण डोळ्यांनाही दिसते.

दुसरी चूक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करण्याची पायरी घाईत उरकण्याची. आम्ल मध्यपटलातील पेक्टिन विरघळवते. ते नीट झाले नाही तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात आणि गुणसूत्रे ओळखू येत नाहीत. आच्छादन काच ठेवून टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबावे, घासू नये. चांगल्या काचपट्टीवर मध्यावस्थेतील एखाद्या पेशीत १६ गुणसूत्रे मोजता येतात, आणि अंत्यावस्थेतील पेशीच्या मध्यावर प्रश्न ६ मधील पेशीपट्टिकेची फिकट रेघही दिसते. ही रेघ विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावी. प्रयोगवहीत ती सगळे काढतात, पण प्रत्यक्ष पाहिलेले फार थोडे असतात.

२१. सर्व मुळे खालीच जातात आणि लांबच होतात, हे तरी नक्की ना?

दोन्हींना अपवाद आहेत. खाडीकाठच्या तिवराची आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केलेल्या पांढऱ्या चिप्पीची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात, कारण चिखलात ऑक्सिजन मिळत नाही.

लांबीचा अपवाद ग्लॅडिओलस आणि हायसिंथसारख्या कंदवर्गीय झाडांत आढळतो. त्यांची काही मुळे जमिनीत पक्की झाल्यावर आखडतात आणि कंदाला खाली ओढतात. हायसिंथमध्ये आतल्या मध्यत्वचेच्या पेशी जाडीला वाढून लांबीला कमी होतात, बाहेरच्या पेशी चिरडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर आडव्या सुरकुत्या पडतात. पेशींतील सूक्ष्मनलिकांची दिशाही तेव्हा बदललेली असते, म्हणजे प्रश्न ८ मधील तत्त्व तेच राहते, केवळ वेढ्यांची दिशा फिरते. कंद उथळ लावला गेला असेल आणि मुळांवर अशा सुरकुत्या दिसल्या, तर त्या सुकल्याच्या समजून मुळे छाटू नयेत.